साक्षीदार खरे, आरोप खोटा : एका सजीव देखाव्याचा प्रकरण अभ्यास

२०२५च्या गणेशोत्सवात कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतल्या तालीम मंडळानं सजीव देखाव्यासाठी विक्रमाची एक नवी गोष्ट रचून बसवली. एक मायावी राक्षस विक्रमाच्या जिवलग मित्राचं रूप घेतो, देवीचा दागिना चोरतो, आळ मित्रावर येतो आणि विक्रम तो आळ दूर करतो. संहितेची जबाबदारी माझ्याकडे होती. ऐकायला गोष्ट सोपी आहे. उभी करायला घेतली तेव्हा मात्र तिच्यात असा पेच निघाला की मंडळातले वकील, पैलवान, लाइटवाला आणि गौरी बसवणाऱ्या वहिनी अशा सगळ्यांचं डोकं त्यात लागलं. त्यांनी तो कसा सोडवला हे तपशिलात लिहितो आहे, कारण पौराणिक विषय करणाऱ्या प्रत्येक मंडळाला हा पेच कधी ना कधी पडणारच.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी सजीव देखाव्याची रीत सांगतो. प्रयोग दहा-बारा मिनिटांचा असतो आणि रात्रभर पुन्हा पुन्हा होतो. संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करतात. कलाकार त्या ट्रॅकवर ओठ हलवतात आणि अभिनय करतात. ट्रॅक तयार झाला की एक शब्दही इकडचा तिकडे होत नाही, म्हणून सगळे वाद रेकॉर्डिंगच्या आधीच मिटवावे लागतात. प्रेक्षक रस्त्यावर उभा असतो, कडेवर पोर असतं, मागून रेटा असतो. घरगुती गणपती आणि गौरींचं विसर्जन झालं की शहर देखावे बघायला बाहेर पडतं. त्या वर्षी हे विसर्जन २ सप्टेंबरला होतं आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे खरी गर्दी मधल्या तीन-चार रात्रींची.

कलाकार पेठेतलेच. विक्रम करणारा तालमीत रोज कुस्ती घुमणारा गडी. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या आगीत गेल्यापासून शहरातल्या हौशी कलाकारांची मोठी गैरसोय झाली होती. आमच्या तालमी तालमीतच, आखाड्याला लागून असलेल्या शहाबादी फरशीवर झाल्या. या फरशीचा पुढे संबंध येतो.

सुरुवातीला मंडळात एक मत असं होतं की बाहेरची गोष्ट कशाला, आपली टेंबलाईची घ्या. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष कपिल मुनींच्या योगदंडाच्या बळावर अंबाबाईसकट सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकतो आणि त्र्यंबोली येऊन त्यांना सोडवते. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि कोहळा फुटतो, तो याच कथेचा सोहळा. रूप पालटणं आहे, सखीनं सखीला सोडवणं आहे, आणि शहरातलं पोरगंही ती सांगेल. पण तिच्यात कुणावर आळ येत नाही. देवांवर ओढवलेलं संकट सगळ्यांना उघड दिसतं. आम्हाला जे दाखवायचं होतं ते न दिसणारं संकट : माणूस तोच, चेहरा तोच, आणि अख्खं गाव म्हणतंय की यानंच केलं. म्हणून विक्रम घेतला.

गोष्टीचा सांगाडा असा. उज्जैनच्या हरसिद्धी देवीच्या मंदिरातून देवीचा रत्नहार जातो. राज्याचा भांडारी, म्हणजे विक्रमाचा लहानपणापासूनचा मित्र, रात्री मंदिरातून बाहेर पडताना तिघांना दिसतो : पहारेकऱ्याला, फुलं घेऊन येणाऱ्या माळणीला आणि पुजाऱ्याला. राजा मोहिमेवर. लोक खवळतात, हात तोडायची शिक्षा ठरते आणि आदल्या संध्याकाळी विक्रम परततो.

मंडळाकडे तयार असलेला शेवट सगळ्यांच्या ओळखीचा होता. विक्रम राक्षसाचा माग काढत रानात जातो, तलवारबाजी होते, धूर, लाल लाइट, राक्षस कोसळताना ओरडतो, "होय, मीच तो हार चोरला!" मित्र सुटतो, मिठी, आरती. बुजुर्गांना हाच हवा होता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं : "लढाई नसंल तर पब्लिक थांबत न्हाई."

संहितेचं वाचन झालं त्या संध्याकाळी दारात उभी असलेली शेजारची एक म्हातारी आजी सहज विचारती झाली, "राक्षस रानात मेला न्हवं? मग गावाला कसं कळलं वो?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मायावी मरताना मूळ रूपात येतो हा आपल्या पुराणांचा संकेत आहे. बाण लागल्यावर मारीच हरणाचा राक्षस होतो. पण ते पाहतो कोण? एकटा राम. आमच्या गोष्टीतही राक्षसाचा कबुलीजबाब एकट्या विक्रमानंच ऐकलेला. गावाच्या बाजूनं बघा : राजा रात्री निघून गेला, पहाटे एक प्रेत घेऊन आला आणि म्हणाला, माझा मित्र निर्दोष आहे. मित्र राजाचा, न्यायाधीश राजा आणि साक्षीदारही राजाच. यानं भांडारी शिक्षेतून सुटेल, पण चावडीवर बसून लोक जन्मभर म्हणतील की राजाचा माणूस होता म्हणून वाचला. आळ गेला नाही, फक्त शिक्षा टळली. आजीच्या प्रश्नानं आमचा अर्धा शेवट त्याच संध्याकाळी निकालात निघाला.

मंडळात एक वकील आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं १७ ऑगस्टला उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. सहा जिल्ह्यांसाठीचं हे बेंच, चार दशकांची मागणी, त्यामुळे त्यांची त्या आठवड्यातली धावपळ सांगायला नको. तरीही रात्री ते तालमीला यायचे. त्यांनी पेचाची गाठ नेमकी कुठं आहे ते दाखवलं.

ते म्हणाले, खोट्या आरोपाच्या नेहमीच्या गोष्टीत साक्षीदार खोटा असतो. त्याला पैसे चारलेले असतात, दबाव असतो, वैर असतं. बचाव करणारा उलटतपासणीत त्याला फोडतो आणि आरोपी सुटतो. इथे तसं काहीच नाही. पहारेकरी प्रामाणिक आहे. माळीण भांडाऱ्याला लहानपणापासून ओळखते. पुजाऱ्याचं त्याच्याशी वाकडं नाही. तिघांनी जे पाहिलं तेच सांगितलं. ओळख परेड घेतली तर तिघेही भांडाऱ्याच्याच खांद्यावर हात ठेवतील, म्हणजे परेडनं आरोप आणखी पक्का होईल. साक्षीदारांना खोटं पाडायचा प्रयत्न केला तर विक्रम स्वतः अन्याय करेल, आणि तोही तीन गरीब माणसांवर.

मग दुसरीकडे असल्याचा पुरावा? १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातल्या अकराव्या कलमाखाली याचं प्रसिद्ध उदाहरण आहे : गुन्हा कलकत्त्यात घडला आणि त्या दिवशी आरोपी लाहोरला होता, तर ही गोष्ट खटल्यात विचारात घेता येते. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तत्त्व तेच राहिलं. पण मायावी शत्रू वेळ निवडूनच येतो. भांडारी त्या रात्री घरी एकटा झोपलेला, बायको माहेरी. लाहोर दूर राहिलं, त्याला शेजारच्या घरातलाही साक्षीदार नाही.

म्हणजे साक्ष खरी मानायची आणि तरीही आरोपी निर्दोष ठरवायचा. हे दोन्ही एकदम साधेल असा पुरावा हवा, आणि तो गावाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता यायला हवा. वकीलसाहेबांनी एवढं मांडलं आणि मला वाटतं तिथेच खरी संहिता सुरू झाली.

एका तरुणानं दिव्य सुचवलं. मराठेशाहीत रवा दिव्य होत असे : उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून जखम बघायची. रंगमंचावर कढई, धूर, ज्वाळा हे फार उठून दिसलं असतं. मी विरोध केला आणि आजही करेन. दिव्यात निर्दोष माणसालाच आपलं निर्दोषपण अंगावर चटका घेऊन सिद्ध करावं लागतं, आरोप करणारे बाजूला उभे राहून बघतात. मित्राला सोडवायला आलेला नायक त्याचा हात तेलात घालायला लावणार असेल तर तो आला कशाला? त्यापेक्षा त्याच काळातल्या गोतसभेची पद्धत मला जवळची वाटली. गोत, म्हणजे गावातली-भावकीतली मंडळी, जमायचं, माहितगारांना देवासमोर खरं सांगायला लावायचं आणि निवाडा महजरात, म्हणजे निवाडपत्रात, लिहून त्यावर निशाण्या व्हायच्या. निर्णय सगळ्यांचा, म्हणून तो सगळ्यांवर बंधनकारक.

मग आम्ही आपल्याच कथांकडे वळलो. रूप पालटणाऱ्याला ओळखायच्या युक्त्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक युक्ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते हे त्या समोरासमोर ठेवल्यावरच कळतं.

किष्किंधेत वाली-सुग्रीव इतके सारखे दिसतात की राम बाण सोडू शकत नाही आणि सुग्रीव मार खाऊन परततो. मग लक्ष्मण त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल बांधतो. ही खूण पुढच्या लढाईला कामाची. काल रात्री मंदिरात कोण होतं ते ती सांगत नाही. विक्रमाच्या सिंहासनाभोवतीच्या लोककथांत टेकाडावर बसून न्याय करणारा गुराख्याचा पोर आहे. एका ब्राह्मणाच्या घरात त्याच्याच रूपाचं भूत घुसलेलं असतं. पोर म्हणतो, या एवढ्याशा भांड्यात जो शिरून दाखवेल तो खरा, आणि भूत फुशारकीनं आत शिरून अडकतं. फार सुंदर युक्ती, कारण जी शक्ती फक्त लबाडाकडे आहे तीच त्याला उघडं पाडते. पण तिथे खरा आणि खोटा दोघे समोर उभे असतात. आमचा राक्षस चोरी करून पसार झालेला, आणि त्याला भांड्यात कोंडला तरी त्याला रूप पालटता येतं एवढंच सिद्ध होईल. हार त्यानंच नेला हे कशावरून?

स्यमंतक मण्याची कथा मात्र पूर्ण आमच्या कामाची निघाली, आणि ती गणेशोत्सवातच सांगितली जाते हाही योग. चतुर्थीचा चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो आणि तो फिटायला ही कथा ऐकतात. प्रसेन मणी घालून शिकारीला जातो आणि परत येत नाही. सत्राजित कुजबुज सुरू करतो की कृष्णानं मण्यासाठी त्याला मारलं. भागवताच्या दहाव्या स्कंधातला कृष्ण काय करतो ते नीट बघण्यासारखं आहे. तो शपथ घेत नाही, रागावत नाही. नागरिकांना बरोबर घेतो आणि माग काढत निघतो. प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेला दिसतो, सिंहानं मारलेला. पुढे सिंह मेलेला, अस्वलानं मारलेला. पुढे जांबवानाची गुहा. हे सगळं लोकांनी स्वतः पाहिलं. गुहेत तो एकटा शिरतो, लोक बारा दिवस थांबून परत जातात, आणि मणी घेऊन आल्यावर कृष्ण सत्राजिताला उग्रसेनाच्या सभेत बोलावून सगळ्यांदेखत तो परत देतो. आळ चारचौघांत आला होता, तो चारचौघांतच फेडला. वाचून झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, याला पंचनामा म्हणतात.

तेव्हा ठरलं : विक्रम आपल्या तिन्ही साक्षीदारांना आणि गावाला घेऊन मंदिरात जाणार. पण तिथे सापडणार काय?

ते उत्तर दोघांकडून आलं. विक्रम करणारा पोरगा आखाड्यातून उठून ओल्या पायानं फरशीवर चालत आला आणि त्याची तांबड्या मातीची पावलं मागे उमटली. ती बघत तो म्हणाला, "चेहरा बदलंल, पण भुताचं पाय उलटं असत्यात की." लहानपणी प्रत्येकानं ऐकलेलं हे. मग मला नलोपाख्यान आठवलं. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघेही नळाचं रूप घेऊन बसतात. दमयंतीला ते कशावरून कळतात? डोळे लवत नाहीत, अंगाला घाम नाही, हार सुकलेले नाहीत, धूळ नाही, आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. दमयंतीनं पाय पाहिले. आमच्या तिघा साक्षीदारांनी चेहरा पाहिला आणि चेहऱ्यापाशीच थांबले.

दुसरा अर्धा भाग वेशभूषा बघणाऱ्या वहिनींनी दिला. त्या म्हणाल्या, "अहो, मग पावलं कुंकवाची करा. गौरी आणताना आम्ही उंबऱ्यापासनं आत पावलं काढतो. पाऊल आत आलंय का बाहेर गेलंय हे बाईमाणसाला सांगायला लागत न्हाई." ३१ ऑगस्टला घरोघरी गौरी येणार, दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटणार, आणि दोन दिवसांनी त्याच बायका देखावा बघायला रस्त्यावर येणार. पावलांची दिशा वाचायची सवय घरातूनच घेऊन येणारा प्रेक्षक आम्हाला मिळाला.

आता प्रसंग असा बसला. हार ओढताना गाभाऱ्यातला कुंकवाचा करंडा सांडलेला आहे. विक्रम पहारेकऱ्याला त्याच्या जागेवर उभा करतो आणि विचारतो, "कुठून गेला?" तो पूर्वेचं दार दाखवतो : "या दारातनं बाहेर पडला." माळीण तेच सांगते, पुजारी तेच. विक्रम मशाल खाली धरतो. पूर्वेच्या दारातली कुंकवाची पावलं आतल्या बाजूला तोंड करून आहेत. पहारेकरी गोंधळतो : "महाराज, ही तर आत येणाऱ्याची..." विक्रम म्हणतो, आत येणाऱ्याच्या पायाला कुंकू कुठून लागेल? कुंकू तर आत सांडलंय. म्हणजे तू पाहिलंस तेही खरं, तो बाहेरच गेला, आणि पाऊल म्हणतंय तेही खरं. दोन्ही खरं असेल तर चालणाऱ्याचे पायच उलटे होते.

यात साक्षीदाराचा शब्द कुठेही खोटा पडत नाही. उलट तो खरा धरला नाही तर पावलांना अर्थच राहत नाही. हीच या संहितेची मला सगळ्यात मोलाची वाटलेली जागा : ज्या साक्षीनं भांडारी अडकला, तीच साक्ष त्याला सोडवते.

कागदावर हे सुटलं, रस्त्यावर नव्हतं सुटलं. स्टेज प्रेक्षकाच्या छातीच्या उंचीचं. खाली उभ्या माणसाला स्टेजची फरशी दिसतच नाही, मग पावलं कशी दिसणार? फरशी तिरकी करायचा विचार झाला, पण लढाईत पोरं घसरली असती. आरसा लावला तर लाइट डोळ्यांत जाणार. शेवटी विक्रम आपला पांढरा शेला पावलांवर अंथरतो, हातानं दाबतो आणि लोकांसमोर उभा धरतो, अशी कल्पना निघाली. शेल्यावर आधीच रंगवलेली लाल पावलं, त्याच्यावर दुसरा कोरा शेला अलगद टाचलेला. अंथरताना वरचा सुटून खाली राहतो. वकीलसाहेबांनी लगेच हरकत घेतली की ठसा कापडावर उलटा उमटतो, डावा पाय उजवा होतो, मग दिशाही फिरली असं कुणी म्हणेल. आम्ही रांगोळीच्या ठशावर कापड दाबून पाहिलं. डावं-उजवं बदलतं, बोटं कुठल्या दिशेला आहेत ते बदलत नाही. तरी शंकेला जागा नको म्हणून शेल्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं ठरलं. शेला उभा धरला तरी दाराची बाजू कुठली ते गाठीवरून कळतं. असले बारीक प्रश्न रस्त्यावरचा प्रेक्षक विचारणार नाही असं काहींना वाटत होतं. मला उलट वाटतं. तो विचारतो, फक्त आपल्यापर्यंत ते पोचत नाही.

सगळ्यात कडक वाद सुरुवातीच्या प्रसंगावर झाला. चोरी प्रेक्षकांना कशी दाखवायची? राक्षस रूप पालटताना आधीच दाखवला तर पोरं पहिल्यापासून भांडाऱ्याच्या बाजूची. एक ज्येष्ठ सभासद यासाठी अडून बसले, आणि त्यांची काळजी खरी होती : गर्दी सरकत असते, कुणी अर्ध्यातून निघून गेलं तर तो निर्दोष माणसाला चोर समजून घरी जाईल. वकीलसाहेबांचं म्हणणं याच्या बरोबर विरुद्ध होतं. प्रेक्षकाला साक्षीदारांच्या जागी उभं करा, त्यानंही स्वतःच्या डोळ्यांनी भांडाऱ्यालाच पाहू दे. नाहीतर तो पहारेकऱ्याला मूर्ख समजेल. मी वकीलसाहेबांच्या बाजूनं मत दिलं. तोच कलाकार, तेच कपडे, धोतर जमिनीवर लोळणारं आणि पायाशी धूर. चोरी त्यानंच केली असं आम्ही दाखवलं. ज्येष्ठांच्या शंकेसाठी मंडपाच्या तोंडाशी कार्यकर्ते उभे करून गर्दी तुकड्यातुकड्यानं सोडायची आणि प्रयोग पूर्ण झाल्याशिवाय पुढे काढायची नाही, असं ठरवलं.

लढाई राहिली, पण जागा बदलून. आधी आळ जातो, मग लढाई होते. शेला दाखवल्यावर विक्रम दार बंद करायला लावतो आणि म्हणतो, इथे असलेल्या प्रत्येकानं कुंकवावरून चालायचं, पहिला मी. राजा चालतो, पुजारी चालतो, माळीण चालते. गर्दीतला एक जण मागे सरतो, तोच राक्षस. पुढे तलवारी. ही लढाई मुद्दाम छोटी ठेवली. भांडारी तोवर मोकळा झालेला असतो आणि राक्षस मेला काय किंवा पळाला काय, त्याच्या निर्दोषपणाला धक्का लागत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत काय घालायचं यावर मी सगळ्यात जास्त कागद खर्च केले. मूळ संहितेत विक्रम मित्राला मिठी मारत होता. पण ज्यानं कधी आरोप केलाच नाही त्याच्या मिठीनं काय भरून निघणार? भांडाऱ्यासमोर यायला हवेत ते तिघे साक्षीदार. त्यांनी गुन्हा केलेला नाही, त्यामुळे माफी मागा असं त्यांना सांगता येत नाही. तरी घडलं ते त्यांच्या तोंडून घडलं. माळीण करणाऱ्या मुलीनं सुचवलेलं वाक्य आम्ही जसंच्या तसं घेतलं : "मी पाहिलं तेच बोलले, पण हात तुमचा जाणार होता." ती फुलांची परडी त्याच्यापुढे ठेवते, तो उचलून देवीकडे नेतो.

आळ फेडायचा राहून गेला की काय होतं, याचा दाखला रामायणात मारीचाच्या त्याच प्रसंगात आहे. मारीच रामाच्या आवाजात हाका मारतो. सीतेला तो आवाज रामाचाच वाटतो, आणि न जाणाऱ्या लक्ष्मणावर ती नको ते आरोप करते. लक्ष्मण निघतो, तर वाटेत राम त्याला म्हणतो, तिला एकटी सोडून आलासच कसा? आवाज तिसऱ्याचा आणि दोन्हीकडून दोष लक्ष्मणाला. त्या वेळी तिथे कुणालाही थांबून तो आळ पुसायला सवड नव्हती. आमच्या भांडाऱ्याला ती सवड मिळावी असं मला मनापासून वाटत होतं.

त्यातूनच त्याच्या तोंडी एक प्रश्न आला. सगळं झाल्यावर तो विक्रमाला हळूच विचारतो, "आणि पावलं उमटली नसती तर?"

याला विक्रमानं काय उत्तर द्यायचं? वकीलसाहेब म्हणाले, पुरावा नसेल तर राजाला शिक्षा द्यावीच लागेल. विक्रम करणाऱ्या पोराला ते सहन होईना : "मित्राला आसं कोण बोलंल?" माझ्या मते दोघांच्या मध्ये एक जुनी गोष्ट उभी होती. शनिमाहात्म्यात हाच विक्रम हार चोरल्याच्या आळात सापडतो. शनी व्यापाऱ्याचं रूप घेऊन येतो, घोडा विक्रमाला परमुलखात टाकतो, तामलिंदा नगरीत भिंतीवरच्या चित्रातला हंस हार गिळतो आणि चंद्रसेन राजा त्याचे हातपाय तोडायला लावतो. साडेसाती सरल्यावर तोच हंस हार परत काढून देतो. शनिवारी शनिमाहात्म्य वाचणारी घरं पेठेत पुष्कळ आहेत. त्यांना हे सांगावं लागत नाही. ज्याचे स्वतःचे हात असे गेले होते, तो राजा मित्राला काय म्हणेल?

ट्रॅकवर गेलेलं उत्तर हे : "तामलिंदेत माझे हात गेले तेव्हा भिंतीकडं कुणी पाहिलं नव्हतं. काही सापडेपर्यंत मी पाहत राहिलो असतो, आणि तोवर तुझ्या हाताला कुणाला शिवू दिलं नसतं."

वकीलसाहेबांचंही समाधान झालं. शिक्षा थांबवून तपास चालू ठेवणं यात राजा कायद्याबाहेर जात नाही आणि मित्रही राहतो.

प्रयोगात शेला वर गेला की पुढच्या रांगेतल्या बायकांना आधी कळायचं. विक्रमाचं पुढचं वाक्य यायच्या आत "पावलं उलटी हाईत बघ" असं ऐकू यायचं आणि मग पुरुषांच्या माना वर व्हायच्या. पहिल्या रात्री ट्रॅकवर तिथे पुरेसा थांबा नव्हता; विक्रमाचा खुलासा बायकांच्या बोलण्यावर आदळत होता. शब्द बदलता येत नव्हते, पण साउंडवाल्यानं मध्ये नुसत्या संबळाचा एक तुकडा टाकून जागा वाढवली आणि लोकांना स्वतः ओळखायला वेळ मिळाला. दोन-तीन जणांनी प्रयोगानंतर येऊन विचारलं की पहारेकऱ्याला पुढे काय झालं. ते संहितेत नव्हतं. पुढच्या वेळी ही गोष्ट घेतली तर पहारेकऱ्याची नोकरी शाबूत राहिली हे सांगणारं एक वाक्य विक्रमाच्या तोंडी घालायचं, असं मंडळाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.